रोहितला काढा की ठेवा? सीनियर प्लेयरवर वाद घालायचा तर असा घाला

सीनियर प्लेयर फ्लॉप जायला लागला की आपल्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते हाकला त्याला, दुसरी म्हणते तू गल्लीत तरी खेळलायस का कधी, आणि मग तासभर नुसती हमरीतुमरी. रोहित शर्माच्या टेस्ट करिअरच्या शेवटी हेच चाललेलं. आता ते प्रकरण संपलंय, डोकी थंड झालीयेत, म्हणून तीच केस घेऊन सांगतो की हा वाद कसा घालायचा म्हणजे निदान काहीतरी हाताला लागेल.

पहिलं म्हणजे फॉरमॅट ठरवल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. जून २०२४ ला हाच माणूस बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी वर्ल्डकप उचलतो, डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात त्याला टेस्टमध्ये दहाच्या वर जाता येत नाही आणि मार्च २०२५ ला दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलला ७६ मारून मॅन ऑफ द मॅच होतो. मग "रोहित संपलाय का" या प्रश्नाला उत्तर काय देणार? प्रश्नच चुकीचा आहे. "मेलबर्नच्या टेस्टमध्ये ओपनिंगला रोहित हवा का" असं विचारा, समोरच्याला पळवाट राहत नाही, आणि तुम्हालाही.

मग आकडे. इथे सगळ्यात जास्त चीटिंग चालते कारण जो तो आपल्याला सोयीचा तुकडा कापून आणतो. विरोधक म्हणणार ऑस्ट्रेलियात ३ टेस्ट, ५ इनिंग, ३१ रन. खरंय, ३, ६, १०, ३, ९. पण ५ इनिंग म्हणजे काहीच नाही हो, ५ इनिंग कोणाच्याही खराब जातात. भक्त म्हणणार अरे त्याच वर्षी इंग्लंडविरुद्ध राजकोटला १३१ आणि धरमशालाला १०३ मारलेत की. तेही खरंय. म्हणून काय करायचं, एका सीरिजवर थांबायचं नाही आणि करिअर ॲव्हरेजही काढायचं नाही (त्याचं ४०.५७ आहे, पण ते काय होऊन गेलं ते सांगतं, पुढच्या मॅचचं नाही). शेवटचं शतक कधी आलं ते बघा आणि तिथून पुढचं सगळं मोजा. धरमशालानंतर बांगलादेश, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया मिळून ८ टेस्ट, १५ इनिंग, १६४ रन, ॲव्हरेज १०.९३, पन्नास एकदाच. यातल्या ५ टेस्ट घरच्या मैदानावर, म्हणजे "परदेशात जड जातं" हे कारणही गेलं. एवढं मांडलं की अर्धा वाद तिथेच संपतो.

पण उरलेला अर्धा जास्त मजेचा आहे आणि तो आकड्यांनी सुटत नाही, त्यासाठी हायलाइट्स लावून बसायला लागतं. कितीवर आउट झाला ते सोडा, कसा आउट झाला ते बघा. मेलबर्नची पहिली इनिंग काढा, ऑस्ट्रेलियाचा फास्ट बॉलर कमिन्स, त्याचा बॉल, रोहितने पुल मारला (आखूड बॉल लेगला ओढून मारायचा शॉट), म्हणजे मारला असं म्हणायचं, धड मारलाही नाही आणि धड सोडलाही नाही, आणि बोलंडने मिडऑनला आरामात कॅच घेतला. पुल म्हणजे त्या माणसाचा हुकमी शॉट हो, डोळे मिटून सिक्स जायची! दुसऱ्या इनिंगला उलटं, ४० बॉल खेळला, अंगाबाहेरचं काही खेळायचं नाही असं ठरवून, आणि ९ वर पुन्हा कमिन्सलाच गलीत (स्लिपच्या पलीकडची फिल्डिंगची जागा) कॅच. त्या सीरिजमध्ये ५ पैकी ४ वेळा कमिन्सने काढलाय. आता ही काय भानगड आहे? एकाच चुकीने आउट होणारा माणूस नेटमध्ये ती चूक सुधारू शकतो. पण ॲटॅक करूनही आउट आणि थांबूनही आउट, म्हणजे बॉल त्याच्यापर्यंत जरा लवकर पोचत होता असं माझं मत. याला फॉर्म गेला म्हणत नाहीत.

त्याच सीरिजमधला कोहली घ्या म्हणजे फरक कळेल. पर्थला नाबाद १००, आणि बाकी ८ वेळा आउट, आठही वेळा मागे, कीपरकडे नाहीतर स्लिपमध्ये. एकच रोग, एकच ठिकाण. तिथे "अजून एक संधी द्या" म्हणायला जागा होती, रोहितच्या केसमध्ये ती कमी होती. (मला विचाराल तर कोहली अजून वर्षभर टेस्ट खेळायला हवा होता, पण तो वेगळा वाद आहे, त्यात आता शिरत नाही.) जुनं उदाहरण हवं असेल तर द्रविड, २०११ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये सगळे ढेपाळत असताना ४ टेस्टमध्ये ३ शतकं आणि ४६१ रन, आणि सहाच महिन्यांनी ऑस्ट्रेलियात ८ इनिंगमध्ये ६ वेळा बोल्ड. ज्याला लोक द वॉल, म्हणजे भिंत म्हणायचे, तोच बोल्ड! लोक काही म्हणायच्या आत त्याने मार्च २०१२ ला स्वतःच बॅट ठेवली.

यानंतरचा प्रश्न असा की त्याला काढून आणणार कोणाला. नाव सांगता येत नसेल तर गप्प बसायचं, हा माझा नियम आहे आणि मी तो कट्ट्यावर सगळ्यांना लावतो. रोहितच्या वेळी नाव समोरच होतं ना. पर्थला रोहित नव्हता तेव्हा के. एल. राहुल आणि जयस्वालने दुसऱ्या इनिंगमध्ये २०१ ची ओपनिंग दिली आणि आपण २९५ रनने जिंकलो. रोहित आल्यावर ॲडलेड आणि ब्रिस्बेनला तो सहा नंबरला गेला, ठीक. मेलबर्नला मात्र तो पुन्हा ओपनिंगला, राहुल तीनला आणि गिल चक्क बाहेर. एका माणसाला बसवायला किती जणांना उठवलं ते मोजा, हा हिशोब कुठल्याच ॲव्हरेजमध्ये दिसत नाही पण टीमला तोच महागात पडतो.

आता आपली खरी दुखरी नस. रोहित बोरिवलीचा, त्यामुळे आपल्यातले निम्मे लोक त्याच्या बाजूने असं भांडतात जसं काय घरातल्या लग्नाचा मानपान आहे. याला एकच औषध, नाव झाकून स्कोअर वाचायचे. आणि खरंच आपल्या माणसाची बाजू घ्यायची तर मग डोंबिवलीच्या रहाणेची पण घ्या की! जून २०२३ ला ओव्हलवर टेस्ट चॅम्पियनशिपची फायनल, श्रेयस अय्यर जखमी म्हणून रहाणेला परत बोलावलं, त्याने ८९ आणि ४६ मारले. लगेच वेस्ट इंडिजला व्हाइस कॅप्टन केला, तिथे दोन इनिंग ३ आणि ८, आणि त्यानंतर टेस्ट टीमचं दार बंद ते बंदच. २०२० ला ॲडलेडला आपण ३६ ऑलआउट झाल्यावर मेलबर्नला ११२ मारून ज्याने सीरिज फिरवली त्याला दोन इनिंग, आणि रोहितला पंधरा. तेव्हा किती जण तावातावाने बोलले? मोठ्या नावाला दोरी लांब मिळते हे मान्य, पण किती लांब हे आधी ठरवा आणि मग ती मोजपट्टी सगळ्यांना लावा.

"रणजी खेळ म्हणावं त्याला" हे वाक्य जरा जपून वापरा. जानेवारी २०२५ ला रोहित बीकेसीला जम्मू-काश्मीरविरुद्ध खेळला की, ३ आणि २८. त्यातून काय सिद्ध झालं? काही नाही, एका मॅचमधून होतही नाही. पुजाराने २०२२ ला काढल्यावर ससेक्सकडून काउंटीत रनांचा ढीग लावला आणि मग परत आला, त्याला म्हणतात खाली जाऊन येणं. तेव्हा मागणी करायची तर पूर्ण सीझनची करा.

शिव्या कोणाला घालायच्या तेही बघून घ्या. सिलेक्शन कमिटी (रोहितच्या वेळी आगरकरची) स्क्वॉड निवडते, दौऱ्यावर अकरा कोण ते कोच आणि कॅप्टन ठरवतात. आणि फॉर्म गेलेला माणूसच कॅप्टन असेल तर मग अवघड आहे, त्याला स्वतःलाच बाहेर बसायला लागतं, सिडनीला जानेवारीत रोहितने तेच केलं. मला विचाराल तर एक टेस्ट उशिरा केलं.

आणि काढल्यावर लगेच "बघा, मी म्हणालो होतो" सुरू करू नका. रोहित-कोहली टेस्टमधून बाहेर पडल्यावर २०२५ च्या इंग्लंड सीरिजमध्ये गिलने ७५४ रन केले, राहुलने ५३२, सीरिज २-२, तेव्हा हाकला-पार्टी खुशीत होती. नोव्हेंबरमध्ये साउथ आफ्रिकेने घरी येऊन २-० ने धुतलं, गुवाहाटीला ४०८ रनने, तेव्हा दुसरी पार्टी उठली की बघा सीनियर हवे होते. अरे पण त्याच सीनियरांसकट आपण वर्षभरापूर्वी न्यूझीलंडकडून घरी ३-० खाल्ला होता ना?

पुढचा वाद वनडेचा आहे. ऑक्टोबर २०२५ ला रोहितची कॅप्टनशिप गेली आणि त्याच महिन्यात त्याने सिडनीला नाबाद १२१ मारून मॅन ऑफ द सीरिज घेतला, लोकांनी दोन्ही बाजूंनी कोलांट्या मारल्या. २०२७ च्या वर्ल्डकपला तो चाळीशीचा असेल. तेव्हा ज्याला भांडायचंय त्याने आत्ताच ग्रुपवर तीन गोष्टी लिहून ठेवा, किती इनिंग बघणार, कुठल्या बॉलिंगसमोर, आणि त्याच्या जागी कोण. मेसेज पिन करा, म्हणजे नंतर कोणी डिलीट केला तर लगेच कळेल.