कॅम्परव्हॅननं भंडारदऱ्याला निघालाय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पुण्यातून उशिरा निघणं. बाकीच्या बऱ्याच चुका हिच्याच पोटातून येतात. आम्ही दोघं फेब्रुवारीत भाड्याची व्हॅन घेऊन भंडारदऱ्याला गेलो, कोथरूडमधून निघायलाच अकरा वाजले, मग नाशिक फाटा, चाकण, तिथलं ट्रॅफिक, पुढे संगमनेर-अकोले-राजूर करत पोचेपर्यंत सूर्य गेलेला. कारच्या हिशोबानं वेळ धरला होता आणि व्हॅन कारसारखी पळत नाही, चढाला दुसऱ्या गियरवर येते, वळणावर उंच बॉडी हलते म्हणून आपोआप हळू चालवली जाते. तेव्हा मॅप जेवढा वेळ दाखवतो त्यात निदान दीड तास वाढवा आणि चारच्या आत मुक्कामाला पोचा. सकाळी सहाला निघालात तर चाकणपण मोकळं मिळतं.

अंधारात पोचलो म्हणून काय झालं ते सांगते. आर्थर लेकच्या, म्हणजे भंडारदरा धरणाच्या जलाशयाच्या, काठाला एक सपाट जागा दिसली, हेडलाइटमध्ये जमीन अगदी कोरडी वाटली, नवऱ्यानं गाडी खाली घेतली आणि मागचं चाक रुतलं. धरणाच्या काठाचं हे लक्षात ठेवा, पावसाळ्यात भरलेलं पाणी उन्हाळ्यापर्यंत मागे मागे जातं, नुकताच उघडा पडलेला पट्टा वरून वाळून कडक होतो, भेगापण पडतात, पण खाली गाळ ओलाच असतो आणि व्हॅनचं वजन त्या पापुद्र्याला पेलत नाही. तिथे गाडी नेऊच नका. गवत उगवलेली जुनी जमीन बघा, आणि नेण्याआधी एकानं उतरून चालत जाऊन टाच मारून बघायची, टाच आत गेली की विषय संपला.

तरी रुतलीच तर रेस देऊ नका. चाक जितकं फिरेल तितकं खड्डा करतं. चाकासमोरची माती हातानं काढा, पायपुसणी, वाळलं गवत, चपटे दगड जे मिळेल ते चाकाखाली सारा, टायरमधली थोडी हवा कमी करा म्हणजे पकड वाढते (पण मग हवा भरायचा छोटा पंप जवळ हवा) आणि क्लच हळू सोडत बाहेर काढा. दोन प्रयत्नांत नाही निघाली तर थांबा, गावात ट्रॅक्टर असतोच. आम्हाला सकाळी तसाच काढला, आणि दोरी लावायचा हुक बंपरला कुठे बसतो हे तोपर्यंत आम्हाला माहीत नव्हतं. टूलकिटमध्ये सुटा हुक असतो, गाडी ताब्यात घेतानाच तो बघून घ्या.

ताब्यात घेताना अजून एक, नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्यानं दिलेल्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कोणी भाड्यानं देत असेल तर नको म्हणा, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात.

घाट. चंदनापुरी असो नाहीतर ताम्हिणी, उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. आताच्या इंजिनात गियरमध्ये उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होतं, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं, म्हणजे वाचत काहीच नाही आणि सगळा भार ब्रेकवर. ज्या गियरला चढलात त्याच गियरला उतरा. करपट वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर बाजूला घेऊन अर्धा तास थांबा, पाणी ओतू नका, गाडी गियरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

आता आतल्या फ्रिज-पंख्याची वेगळी बॅटरी, कारण यावरून सगळ्यात जास्त गैरसमज. "सोलर आहे की, चालेल सगळं" असं नवरा म्हणाला आणि मलाही ते पटलं. हिशोब असा असतो: १२ व्होल्टची १०० अँपअवरची बॅटरी म्हणजे १२०० वॉटअवर, साधी लेड-अ‍ॅसिड असेल तर निम्मीच वापरायची, राहिले ६००. ५० वॉटचा फ्रिज दिवसभरात निम्मा वेळ जरी चालला तरी ६०० तिथेच संपले, पंखा आणि मोबाईल वेगळेच. १५०० वॉटची इलेक्ट्रिक किटली तर विसराच. फ्रिज आदल्या रात्री घरच्या प्लगवर गार करून घ्या, सामान गारच भरा, पॅनेल सावलीत येईल अशी गाडी लावू नका. सकाळी फ्रिज बंद दिसला तर आधी इंजिन चालू करून बघा, अर्ध्या तासात काहीच फरक नसेल तर इंजिन आणि या बॅटरीच्या मधला फ्यूज बघा.

पुढचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. रात्री थंडी वाजते म्हणून गॅस किंवा कोळशाची शेगडी आत लावून काचा बंद करून झोपणं, यात माणसं जातात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळतच नाही. शेगडी बाहेरच, आत जास्तीची रजई. दोन्ही बाजूच्या काचा दोन बोटं उघड्या ठेवा, जाळी लावा. त्यानं सकाळी काचांवरून पाणी ओघळायचंही कमी होतं, ते आपल्या दोघांच्याच श्वासाचं असतं. सिलिंडरचं रेग्युलेटर गाडी चालताना बंद. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणून वास आला तर कुठलंही बटण न दाबता दारं उघडा आणि बाहेर या.

भांड्यांचं पाणी काठाला ओतू नका. विल्सन डॅम, म्हणजे हेच भंडारदरा धरण, १९२६ सालचं, तेव्हापासून प्रवरेच्या या पाण्यावर खालची गावं जगतात. बादलीत धरा आणि पाण्यापासून लांब नेऊन ओता, साबण शक्य तितका कमी. आजूबाजूचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे दिसेल तिथे मुक्काम नाही, परवानगी असलेली जागा आधी विचारून ठरवा. पुढे रतनवाडीकडे नेटवर्कची खात्री नाही, मॅप ऑफलाइन घेऊन ठेवा आणि डिझेल हायवे सोडायच्या आधीच फुल करा.

मेअखेर ते जून काजवे बघायला जाणार असाल तर चारच्या आत पोचायचा नियम अजूनच पाळा. नर काजवा चमकून मादीला खुणावतो, मोठ्या उजेडात त्यांना एकमेकांची खूण दिसत नाही. उजेड आहे तोवर गाडी निघायच्या दिशेला तोंड करून लावून टाका, मग रात्रभर हेडलाइट लावायची वेळच येत नाही.