वाडीच्या ट्रक थांब्यावरून व्हिक्टोरिया सरोवराकडे

समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात माझे क्षेत्रकार्य नागपूरच्या वाडी भागात, ट्रकचालकांमध्ये होते. मी तक्ते मांडून एचआयव्ही प्रतिबंधावर तासभर बोलत असे आणि गाडी भरायची वेळ झाली की चालक उठून जात. मे महिन्यातल्या एका दुपारी एका वयस्कर चालकाने केबिनमधल्या कप्प्यातून कंडोमचे पाकीट काढून माझ्या हातावर ठेवले. ते चटका बसावा इतके तापले होते आणि आतले रबर चिकट झाले होते. ‘तुम्ही सांगता तसं जवळ ठेवलं ना, ताई, मग आता हे चालेल का?’ असे त्यांनी विचारले. उष्णतेने लॅटेक्स कमकुवत होते हे मला पाठ होते, पण नागपूरच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ते ठेवायचे कुठे, याचा विचार मी एकदाही केला नव्हता. त्या दिवसापासून मी आधी माणसाचा दिवस कसा जातो ते समजून घेते आणि मगच काय शिकवायचे ते ठरवते.

पुढे केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी मासे विकणाऱ्या स्त्रियांच्या बचत गटांसोबत काम करताना हीच सवय उपयोगी पडली. मासे मिळावेत म्हणून मच्छीमाराशी शरीरसंबंध ठेवावे लागण्याची तिथली रीत ‘जाबोया’ या नावाने ओळखली जाते. कंडोम वापरा, असे तिथल्या बाईला शंभर वेळा सांगितले, तरी दुसऱ्या दिवशीचा माल ज्याच्या हातात आहे त्याच्यापुढे तिचे काय चालणार? त्या भागात काही ठिकाणी स्त्रियांना स्वतःच्या होड्या मिळाल्या, आणि माझ्या मते तो एचआयव्ही प्रतिबंधाचाच भाग होता. म्हणून शेती, पाणी किंवा बचत यांपैकी कोणत्याही प्रकल्पात तुम्ही रुजू झालात, तरी पैसा कोणाच्या हातात असतो आणि स्त्रियांना कोणावर अवलंबून राहावे लागते, हे आधी पाहा. आणि प्रतिबंधाचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरायला लावा, कारण मागाहून जोडलेले सत्र निधी आटला की सर्वांत आधी गळते.

परदेशात कामाला जाण्यापूर्वी नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशकांशी बोलून मूलभूत माहिती पक्की करून घ्यावी. संसर्गाची शक्यता असलेल्या प्रसंगानंतर पीईपीची, म्हणजे संसर्ग रोखण्यासाठी घ्यायची औषधे शक्य तितक्या लवकर आणि ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. उपचारांमुळे रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. ही दुसरी गोष्ट गावात सांगितली की भीती किती उतरते, हे मी लोकांच्या चेहऱ्यांवर पाहिले आहे.

गोपनीयतेबाबत मात्र कोणतीही तडजोड करू नका. एका संस्थेने अहवालासाठी चाचणी केलेल्या स्त्रियांची नावे मागितली होती. मी फक्त संख्या दिली आणि त्यावरून बराच वाद झाला. आपल्याकडे २०१७ चा एचआयव्ही कायदा संमती आणि गोपनीयता या दोन्हींना संरक्षण देतो; परदेशात जाताना तिथला कायदा आधी वाचून ठेवा आणि नोंदवहीत नावाचा रकानाच ठेवू नका.