बारमाही शिंका, चोंदलेलं नाक: घरातल्या या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडे शिंका सुरू झाल्या की खापर ठरलेल्या गोष्टींवर फुटतं: हळदीचा धुरळा, उसाचा पाला पेटवल्यावर अंगणात पडणारी काजळी, रस्त्याची धूळ. त्यांनी त्रास वाढतो हे खरंच. पण कारखान्याचं गाळप संपलं, पाऊस होऊन गेला, तरी सकाळी उठल्याउठल्या शिंकांची माळ लागत असेल तर आधी अंथरूण तपासा. गादी-उशीत राहणारे डस्ट माइट, म्हणजे धुळीतले बारीक जीव, डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या अंगाची झडलेली कातडी हे त्यांचं खाणं, आणि पाणी ते दमट हवेतून शोषून घेतात. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे.

गादी उन्हात टाकली की झालं

कडक उन्हात माइट मरतात, पण विष्ठा आणि मेलेले किडे कापसातच राहतात. म्हणून गादी वाळवली तरी आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. कापसाची गादी धुता येत नाही. तिला आणि उशीला सगळीकडून बंद होणारी, घट्ट विणीची, चेन असलेली खोळ घाला. नुसती वरून चादर पसरून उपयोग नाही. गादी बडवायचीच असेल तर अंगणात बडवा, आणि ते काम ज्याला त्रास आहे त्याच्याकडे देऊ नका.

वाकळ मात्र धुता येते, ही आपल्याकडची मोठी सोय. चूक होते ती पाण्यात. माइट मरायला साधारण ६० अंशांचं पाणी लागतं. बंबातलं अंघोळीचं पाणी तेवढं गरम नसतं. उकळतं पाणी आणि नळाचं पाणी समसमान घेतलं की जवळपास ६० अंश होतं. वाकळ जाड असेल तर उकळतं थोडं जास्त घ्या, कारण कापड उष्णता खातं. चादरी, उशीचे अभ्रे त्यात बुडवून अर्धा तास झाकून ठेवा, मग नेहमीसारखं धुवा. पोरं आसपास असतील तर टब त्यांच्यापासून लांब. रंग जाणारं कापड गार पाण्यात धुतलं तरी विष्ठा बरीच निघून जाते. अभ्रे-चादरी आठवड्याला, वाकळ महिन्या-दोन महिन्यांनी.

कोरडा झाडू

केरसुणीनं खाली बसलेली धूळ हवेत उडते आणि नाकात जाते. ओल्या फडक्यानं पुसा. पंख्याची पाती, कपाटाचा माथा, माळा आधी आणि फरशी शेवटी. त्रास असलेल्यानं अर्धा तास त्या खोलीत जाऊ नये.

ओल झाकणं

कृष्णाकाठच्या ज्या घरांत पुराचं पाणी शिरतं, तिथे भिंत वरून कोरडी दिसली तरी आत ओली असते. घाईनं रंग दिला की ओल आत अडकते आणि बुरशी पुन्हा फुटते. गळती आधी बुजवा, भिंत वाळू द्या, मग रंग. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. बुरशी काढताना ब्लीचिंगचं पाणी आणि संडासचं ॲसिड एकत्र करू नका, विषारी वायू होतो. उन्हाळ्यात कूलर बंद खोलीत चालवला तर दमटपणा वाढतो आणि माइटचं फावतं. खिडकी उघडी ठेवा, टाकी वरचेवर रिकामी करा. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाटणच्या पट्ट्यात हवा कोरडी ठेवणं कुणाच्या हातात नाही, तिथे सगळा भर खोळ आणि धुण्यावरच.

औषधातल्या चुका

नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब, म्हणजे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन, आठवडेच्या आठवडे घातले की उलट नाक जास्त चोंदतं. तीन ते पाच दिवसांपुढे नको.

स्टिरॉइडचा नाकातला फवारा (फ्लुटिकासोन, मोमेटासोन) याच्या उलट: दोन दिवसांत फरक नाही म्हणून लोक सोडून देतात, पण पूर्ण परिणामाला दोन आठवडेही लागतात. मान किंचित पुढे झुकवा; उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं मारा, रोख कानाकडे. मधल्या पडद्यावर मारत राहिलं की नाकातून रक्त येतं. जोरात ओढलं तर औषध घशात उतरतं.

जलनेतीला, म्हणजे मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला, २४० मिली पाणी, चहाचा अर्धा चमचा बिनआयोडीनचं मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा. पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं थेट नको. त्यातला अमीबा क्वचित मेंदूपर्यंत जातो आणि ते जीवघेणं ठरतं.

मेडिकलमधून आणलेल्या जुन्या प्रकारच्या सर्दीच्या गोळ्यांनी, उदाहरणार्थ क्लोरफेनिरामाइननं, गुंगी येते. घेऊन गाडी चालवू नका. कातडीवरची ॲलर्जीची तपासणी ठरली असेल तर अशा गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या हे डॉक्टरांना विचारा, नाहीतर तपासणी खोटीच स्वच्छ येते. छातीत घरघर, रात्रीचा खोकला, कायम एकच नाकपुडी बंद किंवा तिच्यातून रक्त असेल तर घरचे उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.