कृपादानांचा वापर करताना प्रीती हरवते तेव्हा: या चुका टाळा

करिंथ येथील मंडळीला, म्हणजे तेथील ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला, कोणत्याही कृपादानाची, म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेल्या देणगीची, उणीव नव्हती. प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आरंभीच तसे लिहिले आहे (१ करिंथ १:७), आणि दोनच अध्यायांनंतर तो त्याच लोकांना सांगतो की, तुमच्यात हेवा व कलह असल्यामुळे आध्यात्मिक माणसांशी बोलावे तसे मला तुमच्याशी बोलता आले नाही (३:१-३). इ. स. ५५ च्या सुमारास इफिसहून लिहिलेल्या या पत्रातील ही दोन विधाने शेजारी ठेवून वाचली की लक्षात येते, एखाद्या मंडळीत सामर्थ्य दिसते एवढ्यावरून ती प्रौढ आहे असे ठरत नाही. कृपादानांविषयीच्या बाराव्या आणि चौदाव्या अध्यायांच्या मधोमध प्रीतीचा तेरावा अध्याय आहे, तो याच कारणासाठी. विवाहप्रसंगी आपण तो आवडीने वाचतो, पण तो लिहिला गेला तो आपापल्या दानांवरून एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या लोकांसाठी. पुढील चुका बहुतेक वेळा चांगल्या हेतूनेच होतात, त्यामुळे करणाऱ्याच्या त्या सहसा लक्षात येत नाहीत.

दानावरून माणसाची पारख करणे

एखाद्याच्या प्रार्थनेने आजारी बरे झाले किंवा त्याच्या उपदेशाने अनेकांची मने हेलावली, की त्याच्या उद्धटपणाकडे आणि पैशांच्या अस्पष्ट व्यवहाराकडे मंडळी डोळेझाक करू लागते. पवित्र आत्मा आपल्या इच्छेप्रमाणे एकेकाला दाने वाटून देतो (१ करिंथ १२:११), म्हणजे दान ही कमाई नाही आणि त्यावरून कोणाची योग्यताही सिद्ध होत नाही. तुझ्या नावाने आम्ही संदेश दिला, भुते काढली, असे म्हणणाऱ्या पुष्कळांना प्रभू येशू, 'मला तुमची कधी ओळख नव्हती', असे उत्तर देईल, ही मत्तयाच्या सातव्या अध्यायातील गंभीर सूचना अशाच लोकांना उद्देशून आहे. म्हणून जबाबदारी सोपवताना १ तीमथ्याचा तिसरा अध्याय उघडावा. तेथे मंडळीच्या अध्यक्षासाठी सांगितलेल्या गुणांपैकी शिकवण्याची पात्रता सोडली, तर जवळजवळ सारे गुण स्वभावाशी, घराशी आणि लोकांमधील वागणुकीशी संबंधित आहेत.

'प्रभूने मला सांगितले आहे' असे म्हणून दुसऱ्याचे निर्णय घेणे

माझ्या मते सर्वांत खोल जखमा याच चुकीमुळे होतात. प्रभूचे नाव आधीच घेतले गेले की ऐकणाऱ्याला प्रश्न विचारायला जागाच उरत नाही. कोणाशी लग्न करावे, नोकरी सोडावी की नाही, किती पैसे द्यावेत, असे निर्णय एखाद्या भोळ्या विश्वासणाऱ्यावर संदेशाच्या रूपाने लादले जातात आणि त्याचे परिणाम तो एकटाच पुढची कित्येक वर्षे भोगतो. पौलाने संदेशाची कसोटी स्पष्ट सांगितली आहे: त्याने ऐकणाऱ्याची उन्नती व्हावी, त्याला उत्तेजन आणि सांत्वन मिळावे (१ करिंथ १४:३), शिवाय दोघांनी किंवा तिघांनी बोलावे आणि इतरांनी त्याची पारख करावी (१४:२९). पारख होऊ न देणारा संदेश येथेच नियमाबाहेर जातो.

या बाबतीत प्रेषितांच्या कृत्यांतील अगब या संदेष्ट्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. कैसरियात येऊन त्याने पौलाचा कमरबंद घेतला, स्वतःचे हातपाय बांधले आणि यरुशलेमेत या कमरबंदाच्या मालकाला असेच बांधतील, असे सांगितले. पौलाने जाऊ नये, असे त्याने सांगितल्याची नोंद नाही. तशी विनवणी भोवतालच्या लोकांनी रडत रडत केली, आणि पौल ऐकत नाही हे पाहून, प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो, असे म्हणून तेही गप्प राहिले. अगबाने संदेश दिला. निर्णय पौलाने घेतला.

म्हणून बोलताना, 'प्रार्थनेत मला असे जाणवले, तुम्ही वचनाच्या आधारे तपासून पाहा', एवढेच म्हणावे. लग्न, पैसा आणि व्यवसाय यांविषयीचा संदेश एकांतात देऊ नये, सोबत एखादी प्रौढ व्यक्ती असावी. कोणाचे पाप लक्षात आले असेल, तर ते सभेत उघड करण्यापूर्वी त्याला एकटे गाठून बोलण्याची मत्तय १८:१५ मधील आज्ञा पाळावी.

आजार बरा झाला नाही, तर आजाऱ्यालाच दोष देणे

आजाऱ्यासाठी धैर्याने प्रार्थना करावी, त्यात हयगय करू नये. प्रश्न उभा राहतो तो प्रार्थनेनंतर. चौघेजण रुग्णाच्या खाटेभोवती उभे राहतात, मोठ्या आवाजात प्रार्थना करतात, ताप उतरलेला नसतो, आणि निघताना कोणीतरी म्हणून जाते की तुमचा विश्वास कमी पडतो आहे. आधीच वेदनेने थकलेल्या माणसाच्या उशाशी आता अपराधीपणाचे ओझेही ठेवले जाते. छपरातून खाली सोडलेल्या पक्षघाती माणसाच्या प्रसंगात येशूने 'त्यांचा विश्वास' पाहिला, असे मार्क लिहितो (२:५). ते शब्द त्या माणसाला उचलून आणणाऱ्यांनाही लागू होतात. मग विश्वास कमी पडल्याचा प्रश्न विचारायचाच असेल, तर भेटायला आलेल्यांनी तो आधी स्वतःला विचारावा.

ज्याच्या हातून अनेक जण बरे झाले, त्या पौलाने आपला सहकारी त्रफिम याला मिलेतात आजारी ठेवले (२ तीमथ्य ४:२०), तीमथ्याला त्याच्या पोटासाठी व वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, आणि दुसरा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारी पोहोचला होता, हेही लपवले नाही. यांपैकी कोणावरही त्याने अविश्वासाचा ठपका ठेवलेला नाही. औषध बंद करायला सांगणे ही तर थेट जिवावर बेतणारी चूक आहे, आणि तसा सल्ला देण्याचा अधिकार कोणत्याही कृपादानाने मिळत नाही.

भेटीला गेल्यावर प्रार्थना केली तर चालेल का, डोक्यावर हात ठेवला तर चालेल का, हे आधी विचारावे. आवाज शेजारच्या खाटेला त्रास होणार नाही इतका ठेवावा. आणि प्रकृतीत फरक पडला नाही, तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे. दुसऱ्या भेटीला टाळाटाळ होत असेल, तर पहिल्या भेटीत आपण आजाऱ्यासाठी गेलो होतो की साक्ष सांगायला मिळावी म्हणून, हे तपासावे.

'आत्म्याने मला थांबू दिले नाही'

उपासना ठरल्या वेळेच्या बाहेर खेचणाऱ्या आणि इतरांना बोलू न देणाऱ्या माणसाकडून हे कारण ऐकू येते. संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या अधीन असतात (१ करिंथ १४:३२), त्यामुळे हे कारण टिकत नाही. अन्य भाषांविषयीचा, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलण्याविषयीचा, नियमही सरळ आहे: दोघांनी, फार तर तिघांनी, पाळीपाळीने बोलावे, एकाने अर्थ सांगावा, आणि अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने मंडळीत गप्प राहून देवाशी बोलावे.

न दिसणारी दाने गृहीत धरणे

१ करिंथ १२:२८ च्या यादीत निरोगी करण्याच्या कृपादानांशेजारीच साहाय्य करणे आणि व्यवस्था पाहणे यांचा उल्लेख आहे. तरीही हिशेब नीट ठेवणाऱ्याचे, मुलांना वचन शिकवणाऱ्याचे किंवा शोकाकुल घरी जाऊन नुसते बसून राहणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. याची दुसरी बाजू अशी की, जो नाही म्हणत नाही त्याच्यावर एकामागून एक कामे टाकली जातात आणि तो थकून कुरकुरू लागला की त्याच्या भक्तीवर शंका घेतली जाते. दया करणाऱ्याने ती हर्षाने करावी, असे रोम १२:८ सांगते. तो हर्ष आटलेला दिसला, तर उपदेश करण्याऐवजी कामाचा भार वाटून घ्यावा. यरुशलेमच्या मंडळीत विधवांच्या रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होऊ लागले, तेव्हा सात जणांना निवडून ते काम सोपवण्यात आले.

दुखापतीनंतर दान पुरून टाकणे किंवा सरसकट बंदी घालणे

गैरवापराचा कटू अनुभव आला की काही मंडळ्या संदेश, अन्य भाषा, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, सारेच बंद करून मोकळ्या होतात. त्यांची भीती समजण्यासारखी आहे, परंतु १ थेस्सल ५:१९-२१ मध्ये आत्म्याला विझवू नका आणि सर्व गोष्टींची पारख करा, या दोन्ही आज्ञा एकत्र आहेत. आधी जखमी झालेल्या माणसाकडे जावे. चुकीचा संदेश सभेत दिला गेला असेल, तर तो चुकला होता हे देणाऱ्याने सभेतच सांगावे. खासगीत मागितलेली क्षमा तेथे पुरेशी होत नाही. त्यानंतर काही काळ त्याने प्रौढ बंधुभगिनींच्या देखरेखीखाली सेवा करावी, आणि पुन्हा केव्हा बोलू द्यायचे हे ठरवताना, ज्याला इजा झाली त्याचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे.