पाठ टाचणातलं तत्त्वज्ञान कसं तपासाल

तयार टाचण, म्हणजे तासाचा लेखी आराखडा, घ्या आणि उद्दिष्टांचा रकाना झाका. तासात कोण किती वेळ बोलतं आणि शेवटी प्रश्न कोणते आहेत, एवढंच पाहा. उद्दिष्टांत ‘ज्ञानरचनावाद’ (मूल स्वतःचं ज्ञान स्वतः रचतं हा विचार) लिहिलेला असतो आणि मूल्यमापनातले पाचही प्रश्न व्याख्या मागतात. असं टाचण प्रत्यक्षात मूलतत्त्ववादी (essentialist) असतं: ठरावीक ज्ञान, ठरावीक क्रमाने पक्कं करून घेणारं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बॅग्ली यांनी 1938 मध्ये हीच भूमिका मांडली होती. तिच्यात गैर काही नाही, पण मग नाव तेच लिहा. मुलांच्या अनुभवातून प्रश्न उभा राहत असेल तर तत्त्वज्ञ ड्यूईंचा प्रगतिवाद. समाज बदलण्याचं काम शाळेवर सोपवलं असेल तर शिक्षणतज्ज्ञ काउंट्स (1932) यांचा पुनर्रचनावाद.

आता हे सगळे ‘-वाद’ बाजूला ठेवा आणि शिकवायच्या विषयाकडे या. शिक्षणतज्ज्ञ श्वाब यांनी ज्ञानशाखेची दोन अंगं वेगळी केली: तिच्यातल्या संकल्पनांची रचना आणि तिथे ज्ञान सिद्ध करण्याची रीत. टाचणात दुसरं अंग हमखास सुटतं. म्हणून पाठाच्या माथ्यावर एक ओळ लिहा: ‘इथे विधान खरं की खोटं, हे कशावरून ठरतं?’

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज घ्या. कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून शेजारी शेजारी लावले की सरळ रेषा दिसते आणि वर्ग म्हणतो, सिद्ध झालं! झालेलं नसतं. कोनमापकाने कुणाचे 179 अंश येतात, कुणाचे 181. विज्ञानात अशी मोजमापं पुरावा ठरतात, गणितात ती फक्त अंदाज सुचवतात. 40 मिनिटांच्या तासात फाडाफाडीला 10 मिनिटं पुरेत. मग शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा, व्युत्क्रम कोन दाखवा आणि सिद्धता पायरीपायरीने स्वतः करून दाखवा. ती शोधायला वर्ग मोकळा सोडलात तर दोघं-तिघं पोचतात, बाकीचे त्यांच्या वहीत डोकावतात.

इतिहासात एकाच घटनेची दोन परस्परविरोधी वर्णनं देऊन ‘कोणी, कधी, कोणासाठी लिहिलं?’ असं विचारणं ही त्या विषयाची खरी रीत. पण पार्श्वभूमी आधी दिली नाही तर उत्तर येतं, ‘दोघांचंही बरोबर.’ तज्ज्ञ जसं संशोधन करतो तसंच नवख्यानेही शिकावं, हा घोटाळा सर्रास होतो. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी 2006 मध्ये त्यावरच बोट ठेवलं. नवख्याची कार्यकारी स्मृती, म्हणजे विचार करताना एका वेळी डोक्यात धरून ठेवण्याची जागा, लवकर भरते. आधी सोडवलेली उदाहरणं द्या, मग एकेक पायरी गाळत जा.

विषय मात्र सगळं ठरवत नाही. कोणता धडा शिकवावा आणि कशासाठी, हे मूल्यांचे प्रश्न आहेत, तिथे वरच्या ‘-वादां’नाच भांडू द्यावं.

शेवटी मूल्यमापनाकडे परत या: पाचपैकी निदान दोन प्रश्न ‘कशावरून?’ असे हवेत. तसे सुचतच नसतील तर माथ्यावरची ओळ पुन्हा लिहा.