रोजच्या गाडीचं सस्पेन्शन: सोलापूरच्या रस्त्यांवर काय बदलावं आणि काय तसंच ठेवावं

आठवडाभर होटगी रोड, सात रस्ता, एमआयडीसी आणि एखाद्या रविवारी सकाळी तुळजापूरचा घाट जरा दाबून. अशा गाडीसाठी सस्पेन्शन निवडताना बहुतेक जण 'गाडी किती खाली बसवू?' इथून सुरुवात करतात. सुरुवात रस्त्यापासून करा.

आपल्याकडचा रस्ता दोन तऱ्हांनी त्रास देतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या डांबराला लांब लाटा येतात. 80-90 च्या वेगात अशा लाटेवर गाडी उचलली जाते, खाली येते आणि पुन्हा एकदा डोलते. दुसरा त्रास तीक्ष्ण कडांचा: पुलांचे सांधे, पट्टे न मारलेले स्पीडब्रेकर, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी खचवलेल्या साइडपट्ट्या. लाटेसाठी शॉकअपचा रिबाउंड, म्हणजे उलगडतानाचा विरोध, भक्कम लागतो. कडेसाठी दबताना मऊपणा आणि दबायला भरपूर जागा लागते. आखूड, कडक स्प्रिंग ही जागा खाते आणि लाटेवरचं डोलणं थांबवत नाही. म्हणून पैसा आधी शॉकअपवर घाला. स्प्रिंग सगळ्यात शेवटी, आणि बऱ्याच गाड्यांना तिची गरजच पडत नाही.

काहीही विकत घेण्याआधी झिजलेलं शोधा. 60-70 हजार किलोमीटर झालेली गाडी वळणावर ढिली वाटते ती मूळ सस्पेन्शन वाईट असल्यामुळे नाही, बहुधा बुश, म्हणजे सांध्यांमधली रबरं, गेल्यामुळे. गाडी लिफ्टवर घेऊन लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या, मागच्या बुशमध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवा. रबराला आरपार चिरा असतील तर ब्रेक मारताना चाक मागे सरकतं आणि स्टिअरिंग खेचतं. वळणावर गाडीचं कलणं रोखणाऱ्या स्टॅबिलायझर दांड्याच्या लिंक रॉडचा बॉल जॉइंट हाताने सहज हलला तर छोट्या खड्ड्यांवरची खटखट तिथली. जागेवर उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग 'टण्' करून उडी मारत असेल तर स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र जोडाच्या) वरच्या माउंटिंगचं बेअरिंग अडकलंय. शॉकअपवर नुसता तेलकट धुळीचा थर चालतो. तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल तर शॉकअप गेला. टायरवर तळहात फिरवा. थोड्या थोड्या अंतरावर खोलगट चट्टे लागले तर चाक रस्त्यावर नाचत होतं, म्हणजे बहुधा शॉकअप संपलाय किंवा बॅलन्सिंग बिघडलंय.

मग टायर. बाजूच्या चार अंकी तारखेत 2322 असेल तर तो 2022 सालच्या 23 व्या आठवड्यातला. आपल्या उन्हात पाच-सहा वर्षांचा टायर नक्षी शिल्लक असूनही कडक होतो आणि घाटात घसरतो. 185/65 आर15 च्या जागी 195/60 आर15 घेतला तर बाहेरचा व्यास साधारण 621 वरून 615 मिमी होतो. एवढा फरक चालतो. 17 इंची रिम आणि पातळ टायरचा मोह टाळा, कारण टायरची उंच भिंत हीच कडांवरची पहिली स्प्रिंग आहे. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. तापमान दर 5-6 अंशांनी वाढलं की दाब सुमारे 1 पीएसआय वाढतो, त्यामुळे मे महिन्यातल्या दुपारी तापलेल्या टायरची हवा कमी करायला जाऊ नका.

आता मुख्य खरेदी. मूळ उंचीच्या स्प्रिंगबरोबर चालणारे, मूळपेक्षा थोडे भक्कम, गॅस भरलेले शॉकअप हा रोजच्या गाडीचा सर्वांत चांगला बदल आहे. साध्या तेलाच्या शॉकअपमध्ये खराब रस्त्यावर सतत काम करून तेल तापतं, त्यात फेस होतो आणि विरोध गळतो. गॅसचा दाब हा फेस आवरतो. बिल्स्टाइन या शॉकअप कंपनीच्या नावांचा अर्थ नीट लक्षात ठेवा: बी4 हा मूळ दर्जाचा बदली भाग, बी6 मूळ उंचीसाठी भक्कम मोनोट्यूब (एकाच नळीचा शॉकअप), आणि बी8 हा खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड केलेला. मूळ स्प्रिंगवर बी8 लावू नका, उलगडण्याचा प्रवास कमी पडतो. कोनी कंपनीचा स्पेशल अ‍ॅक्टिव्ह शॉकअप झटपट धक्क्यांना मऊ आणि संथ हालचालींना भक्कम राहतो. लाटा आणि कडा दोन्ही असलेल्या रस्त्यासाठी ही रचना अगदी योग्य. पण तुमच्या मॉडेलचा, त्याच वर्षाचा पार्ट नंबर यादीत असेल तरच घ्या. 'दुसऱ्या गाडीचा आहे, बसतो' असं दुकानदार म्हणाला तर परत फिरा. मोनोट्यूबची एक मर्यादाही ध्यानात ठेवा: पिस्टन थेट बाहेरच्या नळीतच घासतो, त्यामुळे मागच्या शॉकअपला दगडाने खोल पोचा पडला की तो अडकू शकतो.

स्प्रिंग बदलायचीच असेल तर आधी मोजा. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना लिहून ठेवा, एकदा रिकाम्या गाडीचं आणि एकदा पाच माणसं बसवून. मग मागच्या शॉकअपचं रबर बूट (धुळीपासूनचं आवरण) वर सरकवून पिस्टन रॉडला एक झिप टाय ढकलली तर सरकेल पण आपोआप घसरणार नाही इतपत आवळून बांधा, तळाशी आणा आणि भरलेल्या गाडीने नेहमीचे स्पीडब्रेकर पार करून या. झिप टाय रॉडवर जिथे सरकून थांबली तिथपर्यंत शॉकअप दबला. ती आधीच बंप स्टॉपरला (शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबराला) टेकली असेल तर 30 मिमी खाली बसवायचा विचार सोडा. डिकीत सीएनजीची लोखंडी टाकी असेल तरी सोडा, कारण मागच्या स्प्रिंगवर ते वजन कायमचं बसलेलं आहे.

खाली बसवलेली गाडी नेहमी चांगली वळते हा समज मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्ट्रट थेट चाकाला जोडलेल्या) गाड्यांना तर फारच कमी लागू पडतो. आपल्या बहुतेक हॅचबॅकना पुढे हीच रचना आहे. गाडी खाली आली की लोअर आर्म आडवा होतो किंवा उलटा झुकतो, आणि रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं. दोन्हींमधलं अंतर वाढतं आणि गाडी कलायला जास्त जोर मिळतो. कडक स्प्रिंगचा निम्मा फायदा त्यातच जातो. बसवायचीच तर 15-20 मिमीपेक्षा जास्त नको, आणि शॉकअप त्या स्प्रिंगला जुळणारा हवा. जुन्या शॉकअपवर नवी कडक स्प्रिंग म्हणजे गाडी चेंडूसारखी उसळते. खाली बसवण्याआधी विमा कंपनी आणि आरटीओ दोन्हीकडे विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे मूळ नोंदीपेक्षा वेगळ्या बदलांवर बंधनं आहेत.

कॉइलओव्हर, म्हणजे आट्यांच्या रिंगने उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच, रोजच्या गाडीला नको. आपल्या धुळीत आणि चिखलात आट्यांची रिंग जाम होते, आणि माउंटिंगला रबराऐवजी धातूचा बॉल असेल तर प्रत्येक सांध्याचा आवाज आत येतो. मागचा जाड स्टॅबिलायझर वळणात गाडीच्या पुढच्या टोकाची बाहेर जाण्याची ओढ कमी करतो खरा, पण ओल्या रस्त्यावर वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरून अचानक पाय काढला की मागचा भाग सुटतो. तो अनुभवी हातांसाठीच.

फिटिंगमध्ये चांगले भाग वाया जातात. शॉकअप जोडीने बदला, आणि माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉपर, रबर बूट नवेच घाला. पिस्टन रॉड पक्कडीने धरू देऊ नका. एक ओरखडा पडला की सील कापत जातो. वरच्या नटला इम्पॅक्ट गन लावली की रॉड आत गरगर फिरतो. स्प्रिंग कॉम्प्रेसर समोरासमोर, दोन्ही बाजूंनी सारखा आवळा, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतू शकतं. स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या खाचेला टेकलंय हे बघा. एबीएसची वायर आणि ब्रेकचा पाइप त्यांच्या क्लिपमध्येच बसवा.

सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट: लोअर आर्म आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या रबर बुशचे बोल्ट चाकं लटकत असताना पक्के आवळले, तर गाडी खाली येताच रबर पीळ खाऊन बसतं आणि काही महिन्यांत फाटतं. फिटरला आधीच सांगा, "दादा, हे बोल्ट आत्ता नुसते बसवा, गाडी चाकांवर आल्यावर टॉर्क पान्याने आवळू." किती जोराने आवळायचं तो आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या.

दोन-तीनशे किलोमीटर चालवून मग चाकांची अलाइनमेंट करा, टाकी अर्धी आणि टायरची हवा बरोबर ठेवून. स्ट्रट आणि नकल (चाक धरणारा भाग) यांचे दोन बोल्ट उघडले की कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलतोच, म्हणून 'फक्त टो (चाकाची आत-बाहेर दिशा) केला' यावर समाधान मानू नका. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही छापील कागद मागून घ्या आणि डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर काम परत करायला लावा. 500 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा.