पॅरिशमध्ये स्काउट-गाईड चालू करायचंय? आधी गाईड कॅप्टन शोधा

आमच्या बेळगाव-खानापूर भागात मी बघितलंय ते सांगतो. चर्चमध्ये स्काउटचं नाव काढलं की सगळे खुश, एखादा तरुण स्काउट मास्टर व्हायला तयार होतो, पोरांचं पथक उभं राहतंय आणि पोरींना सांगतात "तुमचं पुढच्या वर्षी बघूया". ते पुढचं वर्ष काय येत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की दोन्ही एकाच दिवशी चालू करा.

पोरी का मागं राहतात तर भारत स्काउट्स अँड गाईड्समध्ये मुलांचं पथक वेगळं, मुलींची कंपनी वेगळी आणि कंपनीची कॅप्टन बाईच लागते. ती शोधायला कोण बसत नाही. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर, कॅटेकिझम म्हणजे धर्मशिक्षण शिकवणाऱ्या टीचर, शाळेत असताना गाईड केलेली कुणाची तरी सून, ह्यांना घरी जाऊन विचारा, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना झाल्यावर माईकवर अनाउन्स करून कोण येत नाही हो. बेसिक कोर्स सात दिवस राहून करायचा असतो, तेवढे दिवस घरचं कोण बघणार हे सासूबाईंशी पण बोलून घ्या, खरी अडचण तिथंच असते. आणि एकट्या माणसावर सोडू नका, मुलांकडं दोन, मुलींकडं दोन मोठी माणसं पाहिजेतच, कुठलाही लीडर एकट्या पोरासोबत बंद खोलीत नको.

कुणी म्हातारं म्हणेल हे इंग्रजांचं, चर्चचं काम नव्हे. त्यांना सांगा की फ्रान्समध्ये १९२० साली कॅथोलिक स्काउट संघटना उभी केली ती जाक सेवँ नावाच्या जेझुइट ह्या कॅथोलिक संघाच्या फादरनी. आणि मुलींचं म्हणाल तर १९०९ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काउट चालू करणाऱ्या बेडन पॉवेलच्या मेळाव्यात पोरी स्वतःच येऊन उभ्या राहिल्या, आम्हाला पण घ्या म्हणून, त्यातनंच गाईड निघालं.

वय असं, ५ ते १० कब (पोरं) आणि बुलबुल (पोरी), १० ते १७ स्काउट आणि गाईड. पहिल्या वर्षी दुसराच गट घ्या, लहानांना नंतर. नोंदणी जिल्हा संस्थेकडं ओपन ग्रुप म्हणून होते म्हणजे शाळेशिवाय पण चालतं, फादरांचं पत्र न्या, कन्नड नीट वाचणारा एक पालक सोबत न्या, आणि दरवर्षी रिन्यू करायचं विसरू नका. स्काउट-गाईड होताना घ्यायचं वचन मात्र पोरांनी ज्या भाषेत मनापासून म्हणता येतं त्यात घेऊ दे, घरी कोंकणी, बाहेर मराठी, शाळेत कन्नड असं आपल्याकडं असतंच की. शेजारचं हिंदू-मुसलमान पोर आलं तर घ्या, वचनातला देव ज्याचा त्याचा असतो.

आता खरं काम म्हणजे टोळी. सहा ते आठ पोरांची एक टोळी, नायक त्यांच्यातलाच. १९०७ ला इंग्लंडातल्या ब्राउनसी बेटावर स्काउटचा पहिला कॅम्प लागला तेव्हा २० पोरं होती, चार टोळ्या, त्यात श्रीमंत शाळेतली आणि कामगारांची पोरं मिसळलेली. आपण पण तसंच करायचं, बेळगावच्या कॅम्प भागातली इंग्लिश मीडियमची पोरं एकीकडं आणि गावाकडची दुसरीकडं असं होऊ देऊ नका. नायकाला खरंच काम द्या, हजेरी, पाणी, दोर, सगळं त्याच्याकडं. तंबू वाकडा लागला तर लागू दे, तुम्ही हात लावू नका, रात्री कोसळला की सकाळी तीच पोरं क्लोव्ह हिचची गाठ नीट बांधतात.

आयतवारची मिस्सा झाली की दीड तास पुरे. गाठी, खेळ, टोळीची बैठक, प्रार्थना, बास. युनिफॉर्मसाठी लगेच पालकांना पैसे मागू नका, आधी स्कार्फ करा. ग्रुपचा रंग तुम्हीच निवडायचा पण हिरवा, जांभळा आणि पिवळा सोडून. बाकीचं खरी कमाईतनं, म्हणजे पोरांनी स्वतः कमावलेल्या पैशातनं येऊ दे, चर्चच्या फेस्तला म्हणजे सणाला स्टॉल लावा, पोरं स्वतः सरबत विकतील.

पहिला हाईक येळ्ळूरच्या राजहंसगडावर, सकाळी जाऊन दुपारी परत. रात्रीचा कॅम्प दिवाळीनंतरच, पावसात खानापूरकडं तंबूचा काय उपयोग नाही. जंगलात जायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी. पोरींचा कॅम्प पण पोरांएवढ्याच दिवसांचा, त्यांना संध्याकाळी घरी पाठवून पोरं शेकोटीला बसली हे चालणार नाही. त्यांची राहायची जागा वेगळी, कॅप्टन तिथंच झोपणार, आणि स्वयंपाक प्रत्येक टोळीनं आपापला करायचा, पोरांच्या टोळीला पोरींनी भात करून द्यायचा नाही.

पहिल्या आयतवारला प्रत्येकाला तीन मीटर दोर लागेल, बाजारातनं एकदमच आणून कापा, पोरं-पोरी दोन्हीकडं सारखाच.